वेताने विणलेली जुनी हातखुर्ची आणि तिच्या नक्षीदार गाद्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील जुने वाडे उतरवले जाऊ लागले, देवळालीतील बंगल्यांची मालकी बदलू लागली, तशा माळ्यावर वर्षानुवर्षे पालथ्या पडलेल्या वेताच्या खुर्च्या पुन्हा दिवाणखान्यात येऊ लागल्या आहेत. अशा खुर्च्यांविषयी लोक जे विचारतात त्याची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते बहुतेक उत्तरांत दिसेल : वेताची जाळी झिजणार आणि बदलावी लागणार, हे खुर्ची करणाऱ्यानेच गृहीत धरलेले असते, लाकूड आणि त्याच्यावर वापराने चढलेला रंग मात्र एकदा तासून काढला की कोणालाही परत आणता येत नाही.

आमची खुर्ची खरोखर जुनी आहे की जुन्या धाटणीने नव्याने केलेली, हे कसे ओळखावे?

खुर्ची उलटी करून भरपूर उजेडात पाहावी. बैठकीच्या चौकटीला कडेने ओळीत भोके पाडलेली असतील आणि त्यांतून वेताच्या पट्ट्या ओवून खालच्या अंगाला गाठी मारलेल्या असतील, तर ती जाळी हाताने विणलेली आहे. भोकांऐवजी चौकटीत वरून सलग खोबण असेल आणि तीत तयार जाळीची कड दाबून वरून बारीक काडी ठोकलेली असेल, तर ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची, कारण वेताची जाळी यंत्रावर विणण्यास अमेरिकेत तेव्हा सुरुवात झाली. भोके असली म्हणजे खुर्ची जुनीच, असा मात्र याचा अर्थ होत नाही, कारण हाताची विण आजही होते.

यानंतर स्क्रू पाहावेत. ज्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असते तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा; तो दिसला तर एक तर खुर्ची त्यानंतरची आहे किंवा तिची दुरुस्ती झालेली आहे. सांध्यांत तपकिरी, काचेसारखा तुटणारा सरस दिसला तर काम जुन्या वळणाचे आहे, असे समजण्यास हरकत नाही. फेव्हिकॉल बाजारात आले ते १९५९ मध्ये, त्यामुळे सांध्यातून पांढरट, रबरासारखा थर बाहेर आलेला असेल तर निदान ती दुरुस्ती त्याआधीची नाही. जुन्या सुताराने पायाचे आणि चौकटीचे लाकूड एकमेकांत खाच करून बसवलेले असते आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. लाकूड आडव्या दिशेने अधिक आटत असल्यामुळे ही खुंटी पुढे किंचित लांबट गोल होते आणि बोटाला तिचा उंचवटा लागतो.

सर्वांत विश्वासार्ह पुरावा झिजेचा. माणूस खुर्चीत बसताना आणि उठताना जिथे हात टेकवतो ती खुर्चीच्या हातांची पुढची टोके, टाचा लागतात ती पुढची खालची पट्टी आणि फरशीवर ओढले गेलेले मागचे पाय, एवढ्याच जागा गुळगुळीत झालेल्या असाव्यात. सगळीकडे सारखीच झीज दिसत असेल तर ती सँडपेपरने केलेली असण्याची शक्यता अधिक.

नाशिकमध्ये अशा खुर्च्या आल्या कुठून?

वेताची जाळी विणलेल्या खुर्च्या युरोपात सतराव्या शतकात रूढ झाल्या. पूर्वेकडील व्यापारी जहाजांतून मलाय द्वीपसमूहाकडचा वेत तिकडे पोहोचला आणि इंग्लंडमध्ये १६६० नंतर, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, अशा खुर्च्यांची मोठी लाट आली. कापडी किंवा कातडी बैठकीपेक्षा त्या हलक्या आणि स्वस्त होत्या, शिवाय त्यांत कसर लागत नसे. त्याच शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगीत छापील सुती कापड, म्हणजे आपले छीट, युरोपात इतके खपू लागले की तिथल्या विणकरांचा धंदा वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. आज ज्याला सरसकट इंग्रजी थाटाची खुर्ची म्हणतात तिचा वेत आणि तिच्या गादीवरची फुलापानांची नक्षी, दोन्ही मुळात पूर्वेकडून गेलेले आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना येथील उकाड्यात हीच जाळी सोयीची वाटली, कारण पाठीमागून आणि खालून वारा खेळतो. देवळालीला लष्करी छावणी वसल्यावर तिथल्या बंगल्यांच्या रुंद व्हरांड्यांत लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि बसक्या हातखुर्च्या असणे स्वाभाविकच होते. रेल्वेचे बंगले, कचेऱ्या, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या बैठका, पुढे वाड्यांतील माडीवरचे दिवाणखाने, असा त्यांचा प्रवास झाला. साहेब बदली होऊन जाताना सामानाचा लिलाव करून जात आणि त्यातूनही पुष्कळ खुर्च्या देशी घरांत आल्या. लाकूड बहुधा सागवान असते, क्वचित शिसवी. सुरगाणा-पेठच्या पलीकडचे डांगचे जंगल सागासाठी प्रसिद्ध असल्यामुळे या भागात सागाचा तुटवडा नव्हता.

वेत आणि बांबू एकच का?

नाही. बांबू हे पोकळ गवत आहे, वेत हा आतून भरीव असा वेलीसारखा चढणारा ताड आहे. जाळी विणतात ती वेताच्या चकचकीत सालीच्या पट्ट्यांनी; आतल्या गाभ्याच्या गोल काड्या निघतात, त्यांच्या टोपल्या आणि विणीव फर्निचर होते. बुरूडकाम करणारे कारागीर बांबूत निष्णात असले तरी खुर्चीची जाळी विणणे हे निराळे कसब आहे, तेव्हा काम देण्याआधी त्यांनी विणलेली एखादी बैठक पाहावी.

बैठक खाली झोळीसारखी लोंबते आहे, पण एकही पट्टी तुटलेली नाही. काय करता येईल?

हा सर्वांत सोपा दोष आहे आणि यासाठी कारागिराची गरज नाही. खुर्ची उलटी ठेवावी. सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, पाणी ठिबकणार नाही इतके पिळून, जाळीच्या खालच्या बाजूला पसरावे आणि साधारण अर्धा तास तसेच राहू द्यावे. खालूनच का, तर वेताच्या पट्टीची वरची बाजू म्हणजे त्याची साल असते आणि तिच्यातून पाणी आत जात नाही. खालची खरखरीत बाजू मात्र पाणी लगेच पिते. पट्ट्या मऊ झाल्या की कापड काढून खुर्ची सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण एक दिवस ठेवावी आणि तोवर तिच्यावर कोणालाही बसू देऊ नये. वेत वाळताना आखडतो आणि जाळी पुन्हा ताणली जाते. बोटाने टिचकी मारल्यावर टणक आवाज आला म्हणजे काम झाले.

पाणी चौकटीच्या पॉलिशवर जाऊ देऊ नये, लाखेच्या पॉलिशवर त्याचे पांढरे डाग पडतात. उन्हात वाळवण्याचा मोह टाळावा, कारण वेत घाईने वाळला की तडकतो. हा उपाय वारंवार करूनही जाळी महिन्याभरात सैल पडत असेल तर वेताचा जीव संपला, असे समजावे.

एकाच कोपऱ्यात जाळी फाटली आहे. तेवढाच तुकडा बदलता येतो का?

एखाददुसरी पट्टी तुटली असेल तर येतो, पण ती डागडुजी. जिथे एक पट्टी वयाने तुटली तिथे शेजारच्या पट्ट्याही त्याच वयाच्या असतात आणि नव्या पट्टीचा ताण त्यांना सोसत नाही. फाटलेले भोक तळहाताएवढे झाले असेल तर पूर्ण जाळी नव्याने विणून घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या वापरात चांगली विणलेली बैठक पंधरा-वीस वर्षे सहज जाते. पाठीची जाळी वजन घेत नसल्यामुळे त्याहून कितीतरी अधिक टिकते. तेव्हा बैठक बदलताना रंग जुळावा एवढ्यासाठी चांगली पाठ उचकटू नये. नवा वेत फिकट दिसतो खरा, पण तो वर्षागणिक आपोआप मधाच्या रंगावर येतो.

हाताने विणलेली जाळी कशी असते, आणि काम चांगले झाले हे आपल्याला कसे कळावे?

प्रचलित विणीत पट्ट्यांचे सहा थर असतात. पट्टी आधी पाण्यात भिजवून लवचीक केलेली असते. पहिला थर पाठीकडून पुढे, उभा. दुसरा त्याच्यावर आडवा, नुसता टाकलेला. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्याच भोकांतून, पण त्याला चिकटून किंचित बाजूला. खरी विण सुरू होते ती चौथ्या थरापासून : ही आडवी पट्टी दोन उभ्यांपैकी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाते आणि त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकमेकींत बांधल्या जातात. पाचवा आणि सहावा थर तिरके, एकमेकांच्या उलट दिशांनी. त्यांच्यामुळे चौकोनी भोकांना आठ बाजू येतात आणि ओळखीची नक्षी दिसू लागते. विणत असताना प्रत्येक भोकात तात्पुरती लाकडी खुंटी मारून पट्टी धरून ठेवतात. शेवटी भोकांच्या ओळीवरून एक रुंद पट्टी फिरवून कड झाकतात.

परीक्षा करायची ती तिरक्या पट्ट्यांवर. योग्य विणलेली तिरकी पट्टी जिथे उभ्या-आडव्या जोड्या छेदतात त्या कोपऱ्यात अलगद सरकून बसते. वर-खालीचा क्रम उलटा झाला असेल तर ती त्या कोपऱ्यावर अडते, तिची कड तिथे घासत राहते आणि बैठक दोन-चार वर्षांतच तिथून तुटते. नखाने दोन-तीन ठिकाणी हलकेच चाचपले तरी हा फरक कळतो. पट्टीची चकचकीत बाजू सगळीकडे वरच असली पाहिजे, मध्येच पीळ पडलेला नसावा.

पट्टीची रुंदी भोकांवरून ठरते. भोके जवळजवळ असतील तर दोन-सव्वादोन मिलिमीटरची बारीक पट्टी, लांब असतील तर तीन मिलिमीटरपर्यंतची. कारागिराकडे आहे तीच पट्टी खपवली गेली तर नक्षीची भोके एक तर बुजतात, नाही तर विस्कटलेली दिसतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम अंध कारागिरांनी वर्षानुवर्षे केले आहे आणि अंधांसाठीच्या प्रशिक्षण संस्थांत हे कसब शिकवले जात आले आहे. वर-खालीचा क्रम ते बोटांनी मोजतात आणि म्हणूनच त्यांची विण विलक्षण एकसारखी असते. या कामाला ते हाताने होते म्हणून भाव पाडून मागू नये. एक बैठक विणायला कसबी माणसालाही दोन-तीन दिवस लागतात.

भोके असलेल्या खुर्चीला तयार जाळी बसवून दिली तर चालेल का?

नाही. त्यासाठी चौकटीत खोबण पाडावी लागते, म्हणजे जुन्या लाकडात कायमचा काप घ्यावा लागतो. काही जण जाळी वरून टाचणीसारख्या खिळ्यांनी ठोकून त्यावर लाकडी पट्टी मारतात. ते तर दिसायलाही वाईट आणि चौकट फाडणारे. जिच्यात मुळातच खोबण आहे, त्या खुर्चीला मात्र तयार जाळीच योग्य.

प्लास्टिकच्या पट्टीने विणावे का?

कचेरीतल्या खुर्चीला विणावे, जुन्या खुर्चीला विणू नये. प्लास्टिक पाणी पीत नाही, म्हणून सैल पडले की पुन्हा ताणता येत नाही, आणि उन्हाने ते ठिसूळ होते.

लाकूड काळे पडले आहे. घासून नवे पॉलिश करावे का?

या प्रश्नाचे उत्तर देताना मी नेहमी थोडा आग्रही होतो, कारण नाशिकमध्ये चांगल्या खुर्च्यांचे सर्वाधिक नुकसान याच एका कामाने झाले आहे. पुष्कळदा काळेपणा लाकडाचा नसतोच. तो हाताचे तेल, धूळ, चुलीचा किंवा उदबत्तीचा धूर आणि जुन्या मेणाचा थर असतो. मऊ कापडाला थोडे टर्पेंटाइन लावून खुर्चीच्या हाताच्या आतल्या अंगाला, जिथे सहसा दिसत नाही तिथे, हळूहळू पुसून पाहावे. कापड तपकिरी होत असेल आणि खालून तांबूस चमक दिसत असेल तर पॉलिश शाबूत आहे आणि त्याला फक्त स्वच्छतेची गरज आहे. त्यानंतर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या कापडाने घासावे, एवढे पुरे.

जुने पॉलिश बहुतेक लाखेचे असते. खात्री करायची असल्यास लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब लावावा. लाख असेल तर ती लगेच चिकट होते. लाखेचा मोठा गुण असा की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून जिथे ती उडाली आहे तिथे आधीची न काढताच फ्रेंच पॉलिश, म्हणजे लाखेचेच पॉलिश, करता येते. मशीनने तासून वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखा कृत्रिम लेप मारला की लाकडावरचे हातांचे, ऊन-सावलीचे सगळे रंग जातात, कोरीवकामाच्या कडा बोथट होतात आणि पुढची कोणतीही दुरुस्ती अवघड होते. लाकडावर मोहरीचे किंवा खोबरेल तेल लावू नये, ते वाळत नाही आणि त्यावर धूळ बसते.

सांधे खिळखिळे झाले आहेत, तर खिळे मारून घट्ट करावेत का?

खिळा मुळीच मारू नये, त्याने लाकूड चिरते. सांधा सोडवून, जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने काढून, पुन्हा सरसानेच बसवावा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या सुतारालाही तो उघडता येईल. जाळी नव्याने विणायची असेल तर हे काम विणण्याच्या आधी करून घ्यावे, कारण ताणलेल्या जाळीसह चौकट सोडवता येत नाही.

खुर्चीखाली पिठासारखा भुसा पडतो आहे. वाळवी लागली का?

बारीक पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके हे भुंगेऱ्याच्या अळीचे लक्षण आहे, वाळवी मातीचे पोकळ मार्ग करते. हा किडा सागाच्या पक्क्या गाभ्याला सहसा लागत नाही. त्याला पिष्टमय अंश असलेला लाकडाचा पांढरा बाहेरचा भाग आणि वेत आवडतो. खुर्ची इतर फर्निचरपासून लगेच वेगळी करावी आणि तिच्याखाली काळा कागद अंथरून आठ-पंधरा दिवस पाहावे. कागदावर ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. भोकांत इंजेक्शनच्या सुईने कीडनाशक सोडण्याचे काम कीडनियंत्रणाचा अनुभव असलेल्याकडून करून घ्यावे. रॉकेल ओतू नये, त्याने पॉलिश जाते, वास राहतो आणि आगीचा धोका वाढतो. जाळीला कीड लागली असेल तर ती काढून टाकावी.

नाशिकच्या हवेत खुर्ची कुठे ठेवावी?

पश्चिमेच्या खिडकीपासून आणि गॅलरीपासून दूर ठेवावी. एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत वेत सर्वाधिक तडकतो, म्हणून त्या दोन महिन्यांत पंधरवड्यातून एकदा जाळीच्या खालून ओलसर फडके फिरवावे. पावसाळ्यात उलट काळजी : भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटे जागा ठेवावी आणि गाद्या उचलून पाहाव्यात, कारण बुरशी धरते ती गादी आणि जाळी यांच्या मध्ये.

पुराच्या पाण्यात भिजलेली खुर्ची वाचते का?

बहुधा वाचते. २००८ आणि २०१९ च्या पुरात गोदाकाठच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा अनेकांनी भिजलेले लाकडी सामान उन्हात टाकले आणि ते पिळवटले. गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा, खुर्ची सावलीत विटांवर ठेवावी आणि काही आठवडे सावकाश वाळू द्यावी. या काळात सांधे निघाले तर निघू द्यावेत. गाद्यांची खोळ धुऊन ठेवता येईल, आतला कापूस मात्र फेकावा.

गादी किती जाड असावी आणि आत काय भरावे?

या खुर्च्या मुळात गादीविना किंवा पातळ गादीवर बसण्यासाठी केलेल्या असतात. चार इंची फोम ठेवला की बसणारा उंच होतो, खुर्चीचे हात कोपराच्या खाली राहतात आणि पाय अधांतरी लोंबतात. मग खुर्ची गैरसोयीची आहे असा तिलाच दोष दिला जातो. बैठकीला दोन इंचांपर्यंत आणि पाठीला त्याहून पातळ गादी पुरते. पिंजलेला कापूस सर्वांत चांगला, तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पिंजून घेता येतो आणि उन्हाला टाकता येतो. पाठीच्या उशीसाठी शेवरीचा कापूस हलका पडतो. फोम काही वर्षांनी पिवळा पडून चुरतो आणि तो चुरा जाळीच्या भोकांत बसतो.

खोळ काढता येईल अशीच शिवावी. खालची बाजू साध्या मांजरपाटाची ठेवावी आणि चेन मागच्या कडेला घ्यावी, कारण खाली आलेली धातूची चेन वेत कापते.

नक्षी कोणती निवडावी?

जाळीची स्वतःचीच बारीक, सलग नक्षी असते. तिच्याजवळ बारीक बुट्टीचे कापड आले की दोन्ही एकमेकांत हरवतात, म्हणून मोठ्या फुलापानांचे, मोकळी जमीन असलेले कापड अधिक शोभते. कलमकारी छापाचे घट्ट विणीचे सुती कापड किंवा कच्छचे अजरख शिसवी लाकडावर फार सुंदर दिसते. सागाच्या पिवळसर रंगावर निळा आणि गडद हिरवा खुलतो. मोठी फूलवेल असेल तर ती बैठकीच्या बरोबर मध्यावर यावी आणि पाठीच्या उशीवर तिथूनच वर चढलेली दिसावी, त्यासाठी शिंप्याला कापड थोडे अधिक द्यावे लागते. शिवण्याआधी कापड धुऊन आटवून घ्यावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहावे, कारण घामाने सुटलेला रंग वेतावर कायमचा राहतो.

आजीच्या पैठणीच्या खोळी शिवाव्यात का?

येवला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. धड असलेली पैठणी कापू नये. जुने रेशीम बसण्याचा ताण सोसत नाही आणि जरीचे धागे कपड्यांत अडकून निघतात. साडी मुळातच विरलेली असेल तर तिच्या पदराचा चांगला तुकडा पाठीच्या लहान उशीला, आतून मलमलीचे अस्तर लावून, वापरता येईल.

खुर्चीसोबत मिळालेल्या जुन्या, विटलेल्या गाद्या टाकून द्याव्यात का?

टाकू नयेत. निदान खोळ उसवून, हलक्या हाताने झटकून, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी. शिवणीच्या आत दडलेल्या कापडावर मूळ रंग दिसतात आणि नवे कापड निवडताना त्याहून चांगला आधार नाही.

मुलगा अमेरिकेत आहे. खुर्ची त्याच्याकडे पाठवता येईल का?

आधी वय आणि लाकूड ठरवावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी, कलाकुसरीच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असल्यास वस्तू पुरावस्तू नाही असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे लागते. शिसवी लाकडाची प्रजाती वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने तिच्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते. साग त्या यादीत नाही. हे सर्व मार्गी लागेपर्यंत पॅकिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.